एक विसावा जास्त

१

घाट उतरताना तेओफिला मोंतानोचा हात सवयीनं कपाळाकडे गेला आणि तिथंच अडला. खूण करायची ती कुणापुढं? वळणावर क्रूसच नव्हता.

तिनं पिकअप कडेला घेतली. दरीतली कॉटनवूडची झाडं पिवळीधमक झाली होती आणि वाऱ्यावर भाजलेल्या मिरचीचा खाट येत होता. ऑक्टोबर असा सणासारखा नटलेला, आणि वळण मात्र कपाळावरचं कुंकू पुसल्यासारखं उघडं.

या घाटात माणूस जिथं गेला तिथं त्याच्या नावाचा क्रूस उभा राहतो. त्याला विसावाच म्हणतात. जुन्या काळी खांदेकरी दफनभूमीकडे निघाले की दम घ्यायला पेटी जिथं टेकवत, तिथं दगड रचत. आग्वा सेर्का गावच्या म्हाताऱ्या अजून म्हणतात,

टेका हो खांदा, दादा, इथं सावली दाट आहे
मागं दार बंद झालं, पुढं नुसती वाट आहे.

तेओफिला गावच्या पाटाची पाटकरीण. कोणी कुणाचं पाणी रात्रीतून फोडलं हे ओल्या मातीवरून ओळखायचं आणि चोराला चारचौघांत उघडं न पाडता वठणीवर आणायचं, हे तिचं काम. तेव्हा ती रडली नाही. ती वाकली.

खड्डा बुजवलेला होता. बुजवून वर माती चोपलेली. मातीवर एक दगड आणि दगडाखाली क्रूसाची कागदी फुलं, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून नीट दाबलेली.

"चोर आहेस," ती पुटपुटली, "पण आईनं शिकवलेला चोर आहेस."

ती घाटभर हिंडली. कितीतरी विसावे जागच्या जागी होते. मोटारसायकलवर घसरलेला पोरगा होता, लाकडाच्या ट्रकखाली सापडलेलं नवराबायकोचं जोडपं होतं. गेले होते ते निवडक. पोटात आतडं फुटलेला मेलितोन. दम्यानं घुसमटलेली शाळेची स्वयंपाकीण. बाळंतपणात गेलेली लुसिंदा आणि तिच्या पोटातलं. गावचा दवाखाना चालवणाऱ्या कंपनीनं सूर्य बुडाला की कुलूप लावायचं ठरवल्यापासून जे जे शहराच्या वाटेवर संपले, तेवढेच.

आणि उद्या याच वाटेनं राज्याच्या विधिमंडळाची आरोग्य समिती गावात यायची होती. खेड्यापाड्यातले दवाखाने रात्री उघडे ठेवायला लावणारा कायदा करावा की नाही, यावर शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणी होती. भाषणं काय, कुणीही करतं. गावाची खरी साक्ष या वळणांवर उभी होती. तेओफिलाच्या लेकीचे, इनेसचे, दिवस भरत आले होते. तिची वेळ दिवसाउजेडी येईल असा करार कुणी तिच्याशी केला नव्हता.

खाली उतरता उतरता शेवटचं वळण आलं.

तिथला क्रूसही गेला होता. सेलेस्तिनोचा. तिच्या नवऱ्याचा.

पण सेलेस्तिनो आजारानं गेला नव्हता. तो दारू पिऊन गाडी चालवताना गेला होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

२

"तिया, मी रस्त्यातले खड्डे भरतो. मेलेल्यांची उशी काढत नाही," लांदो बाका म्हणाला.

लांदो रस्ते खात्यात कामाला, आणि गावची रुग्णवाहिकाही तोच हाकायचा. गावात मावशीला तिया म्हणतात आणि काकाला तियो. अंगणात मिरच्या भाजायचं पिंप गरगर फिरत होतं, धुरानं त्याचे डोळे लाल झाले होते.

"वरून हुकूम होता ना, घाट साफ कर म्हणून?"

"गवत कापायचा. क्रूस काय गवत आहे? आणि मी काढले असते तर असे नीट पुरले असते का? खात्याचं काम कधी नीट झालेलं पाहिलंयस?"

तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "कोण कशानं गेलं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? तूच त्यांना गाडीत घालून नेत होतास."

लांदोनं पिंप थांबवलं. "म्हणूनच सांगतो, मी नाही. मी काढले असते तर..." तो अडखळला.

"बोल. पाटावर उभी राहून मी याहून वाईट ऐकलंय."

"तर तियो सेलेस्तिनोचा कशाला काढला असता? त्याचा दवाखान्याशी काय संबंध? वाईट वाटून घेऊ नकोस. मीच पहिला पोचलो होतो. सीटखाली व्हिस्कीची चपटी, अंगाला दारूचा भपका. पेट्रोल सांडलेलं, थंडीनं माझं नाक बधिर, तरी तो वास आला. शेरीफच्या माणसानं विचारलं, पीत होता का? मी म्हटलं, सोडली होती बिचाऱ्यानं."

"त्यानं त्यातलं 'होती' तेवढंच लिहून घेतलं, दारू होती म्हणून," तेओफिला म्हणाली.

तेव्हा तपासणीसाठी देह राजधानीला न्यायचा का, असं तिला विचारलं होतं. तिनंच हात जोडले होते. नको, आणखी शोभा नको.

पिंप पुन्हा फिरू लागलं. लांदो सुटला, हे तिनं मनात नोंदवलं. ज्याला सेलेस्तिनो दारुडा वाटतो, तो त्याला आजाऱ्यांच्या रांगेत बसवणार नाही.

मग बसवलं कुणी?

३

व्यायामशाळेत कंपनीचा माणूस खुर्च्या मांडून घेत होता. ग्रँट हॉलिस्टर. उंच, गोरा, नम्र. इतका नम्र की त्याच्याशी भांडून आलेल्या माणसाला आपणच उद्धट असल्यासारखं वाटे.

"मिसेस मोंतानो, ऐकून फार वाईट वाटलं," तो म्हणाला. "पण खरं सांगू? वाहनचालकाचं लक्ष विचलित होतं त्या क्रूसांनी."

"हो ना. आमच्या मेलेल्यांना काही शिस्तच नाही."

तो कसनुसा हसला. "माझ्यावर संशय आहे का?"

"तुमचा फायदा आहे. समितीची बस रिकाम्या घाटातून येईल. मग तुम्ही म्हणाल, बघा, कुणाला काय त्रास आहे?"

"मग मी सगळेच काढले नसते का?" हॉलिस्टरनं खांदे उडवले. "निम्मे तिथंच आहेत असं ऐकलं. कुठला कुणाचा, मला कसं कळणार? अर्ध्यांवरची नावंसुद्धा पुसलीत. मला ते सगळे सारखेच दिसतात."

हे मात्र तिनं मानलं. लबाड माणूसही कधीकधी आपल्या अडाणीपणामुळं निर्दोष ठरतो.

ती वळली तसा तो मागून म्हणाला, "आणि समितीला मी काही लपवत नाहीये. उद्या बसमध्ये तुमच्याच गावची नर्स असेल. बर्नादेत. वाटेत जे काही विचारतील त्याचं उत्तर तीच देईल. पुढं इथंही कायद्याच्या विरोधात पहिली साक्ष तिचीच. दारातून कुणालाही परत पाठवलेलं नाही, हे ती शपथेवर सांगणार आहे."

तेओफिलाला वाटलं, आपण नीट ऐकलं नसावं.

"बर्नादेत? आमची बर्नादेत?"

४

बर्नादेत सिस्नेरोस ही इनेसची धर्ममाता. पोरीच्या बाप्तिस्म्याला तिनं तिला हातावर धरलं, तेव्हापासून ती आणि तेओफिला एकमेकींना कोमाद्रे म्हणत आल्या. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडलं की देव मध्ये येतो.

स्वयंपाकघरात बडीशेप घातलेली बिस्कोचितो बिस्किटं ताटात होती आणि कॉफी आधीच ओतलेली होती, जणू कुणी येणार हे ठाऊक होतं.

"कुणी केलं असेल गं हे?" बर्नादेत म्हणाली. तिचे डोळे कपाच्या काठावरून वर येईनात.

"तेच विचारायला आले. तू उद्या कंपनीच्या बाजूनं बोलणार म्हणे?"

"नोकरी आहे, कोमाद्रे. नवरा आजारी आहे. शहाणपण शिकवायला आली असशील तर बिस्कीट घे आणि जा."

"दोन्ही करीन. शहाणपण मी कुणाला शिकवत नाही, माझ्याकडेच पुरत नाही." तेओफिलानं बिस्कीट बुडवलं. "चोर विचित्र आहे बघ. दवाखान्याअभावी गेलेल्यांचे तेवढे नेले. आणि त्यात माझा सेलेस्तिनोही नेला. चुकून. एक विसावा जास्त. दारूनं मेलेल्याला कुणी आजाऱ्यात मोजतं का?"

बर्नादेतचा कप बशीवर जरा जोरात टेकला.

"सगळी दारू पोटात जात नाही, कोमाद्रे," ती म्हणाली.

आणि लगेच उठून भांडी गोळा करू लागली. भरलेले कपसुद्धा.

तेओफिला मागच्या दारानं बाहेर पडली. पायरीशी रोमेरोचं, म्हणजे रोझमेरीचं, मोठं झुडूप असायचं. सारा गाव पानं न्यायचा त्याची. झुडूप नव्हतं. नुसता बुंधा होता, कुऱ्हाडीनं तोडलेला, कडेनं करडा पडलेला.

सेलेस्तिनो गेला त्या हिवाळ्यानंतर हे झुडूप तिला कधी दिसलंच नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

५

सगळी दारू पोटात जात नाही.

मग कुठं जाते?

घरी येऊन ती स्टूलावर चढली आणि चुलीवरच्या फळीकडे पाहत राहिली. आग्वा सेर्कात असं घर नाही जिथं ही फळी नाही. सांधे धरले, छाती भरली, की दारूत मुरवलेला रोमेरो चोळायचा. आणि तो अर्क ठेवायचा कशात? रिकाम्या चपटीत. चपटीच्या तोंडाला घट्ट बूच असतं, खिशात मावते, ट्रकच्या सीटखालीही राहते.

फळीवर एक चपटी होती. पूर्वी दोन असत. एक तिची, एक त्याची.

तिनं इनेसला फोन लावला. "तुझ्या बापाची अर्काची बाटली तू नेलीस का गं कधी?"

"नाही, आई. मला तो वास सोसत नाही. का?"

"सहज. पाय वर करून झोप."

ती खाली बसली. त्या दिवशी ती पाटावर बर्फ फोडायला गेली होती. परतली तर घर रिकामं. मागून लांदो आला, टोपी हातात घेऊन. एवढी वर्षं तिनं हेच चित्र मनात जपलं होतं: माणूस घरी एकटा, जुनी तहान लागली, चपटी काढली, गाडी काढली. आता तेच चित्र पाटाचं पाणी वळवावं तसं दुसऱ्या अंगानं वाहू लागलं. माणूस घरी एकटा, छातीत कळ आली, चपटी काढली, छातीला चोळली, आणि गाडी काढली.

गाडी काढून कुठं गेला असेल? छातीत कळ आलेला माणूस थेट शहराची वाट धरत नाही. आधी गावातल्या दाराशी जातो.

लांदोला तो दारुडा वाटत होता. हॉलिस्टरला क्रूस क्रूसासारखे दिसत होते. ज्यानं हे क्रूस उचलले त्याला प्रत्येकाचं दुखणं माहीत होतं, आणि सेलेस्तिनोचं तर त्याच्या बायकोलाही नव्हतं. सगळ्यांना दवाखान्याच्या दाराशी आलेलं पाहिलेलं असं एकच माणूस होतं.

बंद काचेच्या आतलं.

तिला रडू फुटलं ते त्याच्या मरणाचं नव्हतं. ते तर रडून झालं होतं. इतकी वर्षं ती त्याच्या क्रूसापुढून जाताना मनात म्हणत आली होती, का प्यायलास रे? आणि तो तिथं उभा राहून ऐकत होता, बिनगुन्ह्याचा.

डोळे पुसून तिनं किल्ल्या उचलल्या.

६

सूर्य डोंगराला टेकला होता. बर्नादेत दवाखान्याला कुलूप घालायच्या बेतात होती.

"मागची खोली उघड," तेओफिला म्हणाली.

"कुठली?"

"खाटांची. हॉलिस्टर तिकडं फिरकत नाही, आणि किल्ली तुझ्याकडे असते. ज्यानं फुलं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दाबली, त्यानं क्रूस ओढ्यात फेकले नसणार. उघड, कोमाद्रे."

बर्नादेतनं वाद घातला नाही. जड दार करकरत उघडलं.

पूर्वी इथं पेशंट राहायचे. रात्रीचं बंद झाल्यापासून खाटा रिकाम्या होत्या. आज त्या भरल्या होत्या.

एकेका खाटेवर एकेक क्रूस निजवला होता. डोक्याखाली उशी, छातीपर्यंत ओढलेलं पांघरूण. मेलितोन. स्वयंपाकीणबाई. लुसिंदाच्या क्रूसाशेजारी घडी घातलेलं एक छोटं दुपटं. आणि खिडकीपाशी, उजेड येईल अशा जागी, सेलेस्तिनो.

तेओफिलानं खिडकीकडे बोट केलं.

"तो आला होता ना?"

"आला होता. दार लावून मी आत कागद भरत होते, रोजच्यासारखी. घामानं निथळत होता तो. मी दार बोटभर किलकिलं केलं. म्हणाला, रोमेरो चोळलाय, उतरेल, पण जरा बघ ना. मी म्हटलं, सूर्य बुडालाय सेलेस्तिनो, हुकूम आहे, वर कॅमेरा आहे, मला काढून टाकतील, तू शहरात जा. तो मलाच म्हणाला, असू दे, असू दे, तुझा काय दोष." ती तेओफिलाकडे वळली. "तू ओरड ना माझ्यावर."

"नंतर. हे कशाला काढलेस?"

"उद्या बसमध्ये मला बसवणार आहेत. प्रत्येक वळणाला विचारतील, हा कोण, ही कोण? कसा गेला? खोट्या कागदावर सही करता येते गं, केली मी. पण क्रूसासमोर खोटं कसं बोलू? ज्यांच्यासमोर बोलता येणार नव्हतं, तेवढे काढले." तिनं खिडकीपाशी पाहिलं. "त्याच्याबद्दल तर कुणी विचारलंही नसतं. गावच म्हणत होतं दारू. पण मला त्याच्यासमोरून जाता आलं नसतं."

तर असा तो एक विसावा जास्त झाला होता. चोरी करताना बाईनं हिशेब प्रामाणिक ठेवला होता.

"झुडूप का तोडलंस?"

"वास यायचा."

तेओफिलानं खिडकीपाशी जाऊन पांघरूण बाजूला केलं. क्रूस खांद्यावर घेतला. वाटला त्याहून हलका होता.

"लांदोला बोलावते. उजाडायच्या आत हे सगळे आपापल्या जागी गेले पाहिजेत. खड्डे तू खणायचेस, तुझ्या हातांनी."

"आणि बसमध्ये?"

"ते मी नाही सांगणार. चोर मी शोधला. साक्षीदार तुझा तुलाच शोधायचाय."

७

बस वेळेवर आली नाही.

व्यायामशाळा भरली होती. म्हाताऱ्या, पोरंबाळं, मेंढपाळ, आणि पहिल्या रांगेत पोटावर हात ठेवून इनेस. हॉलिस्टर पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता. तेओफिला दाराशी उभी होती. बर्नादेतनं काही निमित्त काढून बस सरळ पुढं घेतली असेल तर? तब्येतीचं सांगून ती आलीच नसेल तर?

बस आली. एकेक आमदार उतरला. कुणी हात हलवत नव्हतं. समितीच्या अध्यक्ष, सेनेटर लोरेन चिनो, सगळ्यात शेवटी उतरल्या, आणि तेओफिलाची नजर त्यांच्या पँटच्या गुडघ्यांवर गेली. दोन्ही गुडघ्यांना घाटातली तांबडी माती लागली होती.

तेओफिलानं श्वास सोडला.

मागून बर्नादेत उतरली. रडून रडून चेहरा धुतल्या पाटीसारखा स्वच्छ झालेला. ती हॉलिस्टरच्या शेजारच्या खुर्चीकडे गेलीच नाही. सरळ माइकपाशी जाऊन उभी राहिली.

"आपलं नाव इथं कायद्याच्या विरोधात लिहिलंय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"ते मी लिहिलेलं नाही, सेनेटर. मी बाजूनं आहे. बसमध्ये सांगितलं ते आता माझ्या लोकांसमोर सांगायचंय."

आणि तिनं सांगितलं. एकेक नाव घेऊन. कोण किती वाजता आलं ते नाही, कोण काय म्हणालं ते. लुसिंदा काचेवर हात ठेवून काय म्हणाली ते ती सांगत असताना लांदो उठून बाहेर गेला. शेवटी ती म्हणाली, "आणि सेलेस्तिनो मोंतानो प्यायलेला नव्हता. हृदयाचा झटका घेऊन तो माझ्या दारात आला होता. गावानं ऐकावं म्हणून मोठ्यानं सांगते."

मग लांदो दारातून आत आला, तेओफिलापुढं उभा राहिला आणि टोपी काढून म्हणाला, "तिया, मी 'होती' म्हणायला नको होतं." एवढंच त्याला जमलं.

अध्यक्षबाई हॉलिस्टरकडे वळल्या. "दार उघडायचं नाही हा हुकूम कुणाचा?"

"मॅडम, ते धोरण वरिष्ठ पातळीवर..."

"धोरणाला हात नसतात. सही कुणाची?"

हॉलिस्टरनं कागद खालीवर केले. सारी व्यायामशाळा त्याच्या हातांकडे पाहत होती. "माझी," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो नम्र नाही, नुसता माणूस दिसला.

"कायदा जानेवारीत सभागृहापुढं जाईल आणि ही समिती त्याच्या पाठीशी उभी राहील," अध्यक्षबाई म्हणाल्या. एक आमदार सोडून सगळ्यांचे हात वर गेले. "पण मुलं जानेवारीची वाट पाहत नाहीत. ती पहिल्या रांगेत बसलेली मुलगी तर नाहीच पाहणार. जी सही दार बंद करू शकते, ती उघडूही शकते. आम्ही थांबतो. आणि या साक्षीदाराच्या नोकरीला धक्का लागला तर पुढची सुनावणी त्याच विषयावर घेऊ."

सगळे थांबले. हॉलिस्टर फोन घेऊन कोपऱ्यात गेला, बराच वेळ कुजबुजला, मग परत येऊन त्यानं खिशातून पेन काढलं.

पायऱ्यांवर बर्नादेतनं तेओफिलाला गाठलं. मागं व्यायामशाळेत कुणीतरी टाळ्या वाजवत होतं, कुणी रडत होतं.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "मला माफ करशील?"

तेओफिलानं तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं, तेही प्रेमाचंच. ते तिनं मागं सारलं.

"आज नाही. उद्याचंही सांगता येत नाही. पण इनेसच्या कळा सुरू झाल्या की मी तिला घेऊन तुझ्याच दाराशी येणार आहे. दुसरीकडे कुठं नाही."

"ये."

"तेव्हा दार उघड. माफीचं मग बघू."